मावशीचा टॅब आणि इंद्रायणीतल्या वह्या

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक ८



पंधरावा अध्याय आपल्यापैकी बऱ्याच जणांना लहानपणापासून पाठ असतो. वीसच श्लोक आहेत, आणि अनेक घरांत जेवायला बसण्याआधी तो म्हणायची पद्धत आहे. पानात वाढलेलं वरण गार व्हायच्या आत संपवायचा म्हणून आपण तो भरभर म्हणतो आणि आठवा श्लोक कधी येऊन गेला ते कळतही नाही. आज त्याच्यापाशी जरा थांबू.

या श्लोकात भगवान एक साधी उपमा देतात. वारा फुलावरून जातो तेव्हा तो फूल उचलून नेत नाही, गंध तेवढा नेतो. जीवसुद्धा शरीर सोडताना असंच करतो. मन आणि इंद्रियं, म्हणजे आयुष्यभर मुरलेल्या आवडी, सवयी, संस्कार, एवढंच गाठोडं घेऊन तो निघतो. ज्या जागी तो राहत होता ती जागा मागेच राहते.

हा श्लोक आज घ्यायचं कारण एक टॅब आहे. मागच्या वर्षभरात आमच्या घरी या टॅबवर जितकी चर्चा झाली तितकी मावशीच्या एफडीवरही झाली नाही. शिवाय याच काळात मला दोन-तीन मित्रांचे फोन आले. सगळ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच: "बाबांचा फोन आहे, लॉक आहे, तू सॉफ्टवेअरवाला आहेस, काहीतरी कर ना." आपल्या वयाच्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येणार आहे. आधीच्या पिढ्यांना वारशात घर, शेत, दागिने, भांडी मिळायची. आपल्याला त्यासोबत कुलूपबंद काचा मिळणार आहेत.

टॅब कसा आला

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. डोंबिवलीला एकटी राहायची. लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर स्वतःच्या पैशाने टॅब घेतला आणि सहा महिन्यांत आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वापरायला लागली. रोज पहाटे हरिपाठ म्हणायची आणि तो टॅबवर रेकॉर्ड करायची. त्यातच काही टिपणंही लिहायची, हे आम्हाला माहीत होतं. काय लिहायची ते माहीत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात ती आईला म्हणाली, "ताई, टॅब तू घे." पासकोडचा विषय निघालाच नाही. त्या खोलीत तो निघणारही नव्हता.

दिवसकार्य आटोपल्यावर आईने टॅब चार्जिंगला लावला. स्क्रीनवर वारीतल्या दिंडीचा फोटो आला आणि त्याखाली सहा रिकामे ठिपके. आईने मावशीची जन्मतारीख टाकून पाहिली. मग आजीची. मग मावशी शाळेत लागली ते वर्ष. टॅबने थांबायला सांगितलं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तिचा आवाज आहे रे आत."

कुलूप म्हणजे नक्की काय

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल, कारण हे समजलं नाही तर माणूस महिनोन्महिने आशेवर राहतो.

आपल्याला वाटतं की टॅब म्हणजे कपाट. कुलूप लावलंय, किल्लीवाला बोलावला की उघडेल. आजकालचे टॅब तसे नसतात. आतली प्रत्येक गोष्ट गुप्त लिपीत लिहिलेली असते आणि ती वाचायची गुरुकिल्ली दोन भागांतून बनते. एक भाग कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला असतो, तो बाहेर काढता येत नाही. दुसरा भाग मालकाच्या डोक्यात असतो, म्हणजे ते सहा आकडे. दोन्ही एकत्र आले तरच किल्ली तयार होते. आतली मेमरी काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी नुसता गोंधळ दिसतो. बोटाचा ठसा ठेवलेला असला तरी टॅब बंद करून पुन्हा सुरू केला की तो पहिल्यांदा पासकोडच मागतो.

सहा आकडे म्हणजे दहा लाख शक्यता. चुकत गेलात की टॅब आधी एक मिनिट थांबायला लावतो, मग पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास. आयपॅडसारख्या टॅबमध्ये दहा चुकांनंतर दार बंदच होतं. म्हणजे दहा लाखांत दहा संधी. आणि कंपनीकडे जादाची किल्ली असते का? नसते. मृत्यूचा दाखला आणि कागदपत्रं बघून कंपनी तो टॅब कोरा करून तुम्हाला वापरू देऊ शकते, पण आतलं वाचून देऊ शकत नाही.

टॅब कोरा करणं म्हणजे काय, तेही गमतीचं आहे. आतली लाखो पानं एकेक करून पुसली जात नाहीत. फक्त किल्ली नष्ट केली जाते. पानं तिथेच असतात, पण आता जगात कुणालाही ती वाचता येणार नसतात. म्हणून तर एवढा भरलेला टॅब बघता बघता कोरा होतो.

माझा मामेभाऊ म्हणाला, "दादा, स्टेशनजवळ एक दुकान आहे, लॉक तोडून देतात." मी त्याला हेच सगळं समजावलं. अशा दुकानात बहुतेक वेळा टॅब कोरा करूनच परत मिळतो. लॉक जातो हे खरं, पण ज्याच्यासाठी गेलो तेही जातं.

आत नेमकं काय हवंय?

ऑफिसात कुणी मोठं काम घेऊन आला की आम्ही आधी विचारतो, गरज काय आहे? तोच प्रश्न मी घरी विचारला. आपल्याला त्या टॅबमधून नेमकं काय हवंय?

तीन जणांची तीन उत्तरं आली.

मामा म्हणाला, बँकेचे तपशील, विमा, सोसायटीचे कागद. हे झालं कर्तव्य.

आई म्हणाली, तिचा आवाज. ही झाली माया.

मामेभाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला बघायचंय, तिला आजार कधी कळला. आपल्याला सगळ्यांना शेवटच्या महिन्यात समजलं. तिला आधीच माहीत असणार. का नाही सांगितलं तिने?" खोलीत कुणी काही बोललं नाही, कारण हा प्रश्न प्रत्येकाच्याच मनात होता. याला मी नाव दिलं, जाब. गेलेल्या माणसाला जाब विचारायचा होता आणि तो आता टॅबलाच विचारता येणार होता.

मंडळी, तुमच्या घरी असा टॅब किंवा फोन असेल तर ही तिन्ही माणसं तुमच्या एकट्याच्या मनातही असतील. त्यांना आधी वेगळं करा. तिघांचे रस्ते वेगळे आहेत.

कर्तव्याचा रस्ता पुढच्या दाराने जातो

मामाचं काम सगळ्यात आधी झालं आणि त्याला टॅब लागलाच नाही. मृत्यूचा दाखला घेतला, बँकेत अर्ज दिला, नॉमिनीची कागदपत्रं भरली. कपाटातल्या एका फाइलीत मावशीने सगळं नीट लावून ठेवलं होतं. गणिताची बाई ती.

इथे एक गोष्ट आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. बँकेतला नॉमिनी हा मालक नसतो. तो खऱ्या वारसांच्या वतीने पैसे हातात घेणारा विश्वस्त असतो. आणि माणूस गेल्यावर त्याच्या सिमवर आलेला ओटीपी वापरून पैसे काढणं, अगदी अंत्यविधीच्या खर्चासाठी का असेना, योग्य नाही. पैसे घरचेच असले तरी सही त्या माणसाची आहे, आणि तो आता सही करायला नाही. कर्तव्य पुढच्या दाराने होत असेल तर मागच्या खिडकीची गरज नसते.

जाब, आणि नाथांचं आळंदीला जाणं

मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर अवघड होतं. त्याच्याशी बोलताना मला एकनाथ महाराज आठवले.

ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीला समाधी घेतली ती शके १२१८ मध्ये, म्हणजे इ.स. १२९६ ला. जवळजवळ तीनशे वर्षांनी पैठणला नाथांना दृष्टांत झाला असं परंपरा सांगते. अजानवृक्षाची मुळी माउलींच्या गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला आले, बंद समाधीत उतरले, मुळी दूर केली आणि बाहेर आले. समाधी पुन्हा बंद झाली.

ही कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. तिच्यातली शिस्त बघा. नाथ कुतूहल म्हणून गेले नाहीत. बोलावणं आलं तेव्हा गेले. ज्या कामाला बोलावलं तेवढंच काम केलं आणि आले.

त्यानंतर शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ ला, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या काळात नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बदलले होते. नाथांनी ते निवडून दूर केले आणि पुढच्यांना बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. आता विचार करा, त्या ग्रंथात चार ओव्या घालायची योग्यता कुणाची असेल तर ती नाथांचीच होती. भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिणारा माणूस. पण त्यांनी घातली नाही.

यातून मला दोन नियम दिसतात. दुसऱ्याच्या बंद खोलीत जायचं तर बोलावणं असावं लागतं. आणि आत गेलात तर स्वतःचं काही मिसळायचं नाही.

मी मामेभावाला म्हटलं, "समज, टॅब उघडला. तिच्या टिपणात एका तारखेला लिहिलंय की आज डॉक्टरांकडे गेले होते. एवढंच. पुढचं तू काय वाचशील? ती आपल्यावर नाराज होती म्हणून बोलली नाही, असं वाचशील. किंवा मी त्या आठवड्यात तिला फोन केला नव्हता म्हणून, असं वाचशील. तिची एक ओळ असेल आणि तिच्यात तुझ्या दहा ओव्या असतील." तो म्हणाला, "पण दादा, ती म्हणाली ना, टॅब तू घे? तेच बोलावणं समज की."

मुद्दा बरोबर होता. "टॅब तू घे" याचा अर्थ "वाच" असाही असू शकतो आणि "सांभाळ" असाही. व्याकरणाने हा वाद सुटणार नव्हता. तो आईने सोडवला. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "रोज रात्री नऊला फोन करायची मला. वर्षानुवर्षं. सांगायचं असतं तर तिथेच सांगितलं असतं. नव्हतं सांगायचं तिला." आणि मग आई रडली. माझ्या मते, मावशी गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडली.

ज्याने आयुष्यभर आपल्यावर माया केली त्याला एखादी गोष्ट स्वतःपाशी ठेवायचा हक्क असतो. तो गेल्यावर हा हक्क संपतो असं आपण गृहीत धरतो, कारण आता अडवायला तो नसतो. पण अडवणारा कुणी नसतानाही आपण दाराबाहेर थांबतो की नाही, यावरच आपल्या प्रेमाची पारख होते. यमनियमांत अस्तेय सांगितलंय. न दिलेलं न घेणं. ते फक्त पैशाला लागू नाही.

माया, आणि इंद्रायणीतल्या दोन वह्या

राहिला आवाज. आईचं मागणं तर निर्मळ होतं. त्यात जाब नव्हता, लोभ नव्हता. तरी दार बंदच होतं.

आळंदीहून इंद्रायणीच्या काठाने वर गेलं की देहू लागतं. तुकोबांच्या चरित्रात याच नदीत दोनदा कागद पडलेत. पहिल्यांदा तुकोबांनी स्वतः टाकले. घरची सावकारी होती. वडिलांच्या मागे लोकांकडून येणं असलेली कर्जखतं वारशात आली. परंपरा सांगते की तुकोबांनी त्यातली अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. दुसऱ्यांदा गेली ती अभंगांची वही. ती बुडवावी लागली, आणि तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या अशी कथा आहे.

नदी तीच, पाणी तेच. कर्जखतं वर आली नाहीत आणि अभंग वर आले. असं का?

श्रद्धेने बघणारा म्हणेल, विठोबाने तारले. ते मी मानतो. पण याच कथेचा आणखी एक अर्थ लोक सांगत आलेत, आणि तोही मला विठोबाचीच करणी वाटतो. अभंग तेव्हा फक्त वहीत राहिलेच नव्हते. कीर्तनातून ते लोकांच्या तोंडी गेले होते, टाळकऱ्यांना पाठ होते, जात्यावर बसलेल्या बायका म्हणत होत्या. वही बुडली तरी अभंग बुडणार कसे? याउलट कर्जखत हे स्वभावानेच एका पेटीत एकच असतं. ते दुसऱ्याला द्यायचं नसतं, दाखवून वसूल करायचं असतं. म्हणून ते बुडालं की बुडालं.

आमच्या कामात याला साधा शब्द आहे, बॅकअप. ज्याची प्रत एकाच जागी आहे ते कधीतरी जाणारच. वाटलेलं टिकतं.

आता मावशीच्या आवाजाचं काय झालं ते सांगतो. चार-पाच महिन्यांनी तिच्या हरिपाठ मंडळातल्या एक काकू आईला भेटायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "रोज सकाळी तिचा हरिपाठ यायचा हो मोबाइलवर. मी गुडघ्यामुळे घराबाहेर पडत नाही ना, म्हणून मला पाठवायची." आईने विचारलं, "तुमच्याकडे आहेत अजून?" होते. काकूंकडे होते, आणखी दोघींकडे होते. त्या तिघींच्या मोबाइलमधून मिळून चाळीसच्या वर रेकॉर्डिंग निघाली.

त्यातल्या एकात मध्येच कुकरची शिट्टी वाजते आणि मावशी म्हणते, "थांबा हं, गॅस बंद करते," आणि पावलं दूर जातात, परत येतात, आणि पुढचा अभंग सुरू होतो. आई सगळ्यात जास्त तेच रेकॉर्डिंग ऐकते.

जे तिने स्वतःसाठी ठेवलं ते टॅबसोबत बंद झालं. जे एका गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणीसाठी पाठवलं ते आम्हाला परत मिळालं. तिने ते जपण्यासाठी पाठवलं नव्हतं, हे लक्षात घ्या. सेवा म्हणून पाठवलं होतं.

शेवटी टॅबचं काय केलं

वर्षश्राद्ध होईपर्यंत टॅब देवघराशेजारच्या फळीवर होता. घाई केली नाही आणि मी तुम्हालाही सांगेन, करू नका. शोकाला वेळ लागतो. पण वर्षानुवर्षं चार्ज करून जपायचा, उद्या नवं तंत्रज्ञान येईल आणि उघडेल म्हणून, हेही बरं नाही. त्याने आपण गेलेल्या माणसाला नाही, स्वतःलाच दाराशी बसवून ठेवतो.

श्राद्धानंतर आई म्हणाली, "कर कोरा." मी सगळं लावून दिलं, शेवटचं बटण तिने दाबलं. कोरा झाल्यावरही टॅब मावशीच्या खात्याचा पासवर्ड मागतच होता. चोरीपासून बचाव म्हणून तशी सोय असते. त्यासाठी खरेदीचं बिल आणि मृत्यूचा दाखला पाठवला. बिल मावशीच्या त्याच फाइलीत होतं. मग ते बंधनही सुटलं. आज आई त्या टॅबवर मोठ्या अक्षरांत ज्ञानेश्वरी वाचते.

काही कायमचं गेलं का? हो, गेलं. तिची टिपणं गेली. मामेभावाला त्याचं उत्तर मिळालं नाही. ते दुःख मी अध्यात्माचा मुलामा देऊन लपवणार नाही. काही प्रश्न उत्तराशिवायच देवाच्या पायाशी ठेवावे लागतात, आणि ठेवले तरी अधूनमधून ते उचलून बघावेसे वाटतात. तो अजून बघतो. चालायचंच.

आपण जिवंतपणी काय करायचं

आता तुमच्या हातातल्या फोनविषयी. मृत्यूचं स्मरण हा संतांनी सांगितलेला अभ्यास आहे, आणि आपल्या काळात त्याचा थोडा भाग सेटिंग्जमध्ये जाऊन करावा लागतो.

ॲपलवाल्यांसाठी डिसेंबर २०२१ पासून "लेगसी कॉन्टॅक्ट" नेमायची सोय आहे. तुमच्यामागे त्या माणसाला एक सांकेतिक किल्ली आणि मृत्यूचा दाखला दाखवून तुमच्या खात्यातले फोटो, नोट्स, बॅकअप मिळू शकतात. मंजुरीपासून तीन वर्षं ते उघडं राहतं, मग खातं कायमचं पुसलं जातं. साठवलेले पासवर्ड मात्र त्यात मिळत नाहीत. आणि जे फक्त टॅबमध्येच आहे, खात्यावर चढलेलंच नाही, तेही मिळत नाही.

गुगलची अशीच सोय २०१३ पासून आहे. खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरात नसेल तर काय करायचं ते आधीच सांगून ठेवता येतं. जास्तीत जास्त दहा जणांना कळवता येतं, आणि कुणाला काय द्यायचं तेही वेगवेगळं ठरवता येतं. काहीच द्यायचं नसेल, सगळं पुसायचं असेल, तर तसंही सांगता येतं.

हा शेवटचा पर्याय मला महत्त्वाचा वाटतो. सगळं उघडं ठेवा असं मी म्हणत नाहीये. काय द्यायचं आणि काय सोबत न्यायचं, हे आपण ठरवून ठेवावं. म्हणजे मागच्यांना आपल्या एका वाक्याचा अर्थ लावत बसावं लागणार नाही.

आणि ज्यांचे आईबाबा साठीच्या पुढे आहेत त्यांनी एवढं करा. त्यांना पासकोड मागू नका, ते बरं दिसत नाही. त्याऐवजी स्वतःचा लिहून पाकिटात घाला, पाकीट त्यांच्यासमोर कपाटात ठेवा आणि सांगा, "आई, माझं काही झालं तर हे इथे आहे." आई आधी ओरडेल, "अभद्र बोलू नकोस." दोन दिवसांनी ती विचारेल, "ते पाकीट कसं केलंस रे?"

पुन्हा श्लोकाकडे

वारा गंध नेतो आणि फूल मागे राहतं, इतकं श्लोक सांगतो. त्याला जोडून मला जे वाटतं ते सांगतो. हा माझा विचार आहे, श्लोकाचा अर्थ नव्हे. वारा शेवटी एकदाच येतो असं थोडंच आहे? फूल झाडावर असताना तो रोज येतच असतो, आणि रोज थोडा थोडा गंध शेजारच्या अंगणात पोचवत असतो. शेवटच्या वाऱ्यासोबत काय गेलं ते आपल्याला कळणार नाही. आधीच्या वाऱ्यांनी जे वाटलं ते शेजाऱ्यांना विचारलं तर मिळतं.

तेव्हा तुमच्या घरी एखादी कुलूपबंद काच असेल, तर दहावा पासकोड टाकण्याआधी त्या माणसाच्या तीन मित्रमैत्रिणींना फोन करा.

आजची साधना : रात्री झोपण्याआधी पंधरावा अध्याय एकदा सावकाश म्हणायचा, आठव्या श्लोकाशी थांबून दोन श्वास घ्यायचे. आणि एखादी गोष्ट, आवडतं भजन असेल, आजीची कृती असेल, जुना फोटो असेल, जी फक्त तुमच्याच फोनमध्ये आहे, ती आज कुणाला तरी पाठवायची. ज्याला तिचा उपयोग आहे त्याला.

उद्या नववा श्लोक.

राम कृष्ण हरी.